टॉवेलाखालचा भाव

वायरमन तार ओढतो, त्याचे पैसे लोक देतात. प्लंबर पाइप जोडतो, त्याचेही देतात. मी विहिरीवर जाते, पाणी किती आणि किती वेगाने येतं ते बघते, चढ मोजते, आणि कुठला पंप घ्यायचा, कुठला अजिबात घ्यायचा नाही, ते कागदावर लिहून देते. त्यावर माणसं विचारतात, "ते ठीक हाय ताई, पण तुमी केलं काय?"

सुरुवातीला या प्रश्नाने मी ओशाळायचे. आता राग येतो. पण सगळ्यात जास्त राग ज्या गोष्टीचा आला, ती मीच केली होती. ती सांगायची म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. गावातली शाळा सातवीपर्यंत, पुढे रोज एसटीने हायस्कूल, आणि मग पुण्याला इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग. त्या चार वर्षांचं मेसचं बिल मामाने भरलं. वडिलांचं शेतीचं उत्पन्न वर्षातून दोनदा यायचं आणि मेसचं बिल दर महिन्याला. मामाची ओतूरकडे बागायत आहे, कांदा असतो, ऊस असतो. त्याने कधी बोलून दाखवलं नाही. शेजारच्या काकांनी पहिल्या वर्षी मला त्यांच्या टोमॅटोच्या टेम्पोत बसवून होस्टेलपर्यंत सोडलं होतं, गादीसकट. मुख्याध्यापकांनी स्वतःचं कॅल्क्युलेटर दिलं होतं, त्याचं एक बटण दोनदा दाबावं लागायचं. या माणसांचं मी काही देणं लागते, ही भावना माझ्या मनातून एक दिवसही गेली नाही.

पदवीनंतर पुण्याजवळ पंपांचे कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका कंपनीत सहा वर्षं काढली. मग नोकरी सोडून इकडे आले. घोडेगावात पंचायत समितीच्या जवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर खोली घेतली आणि दारावर पाटी लावली. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांत माझ्या स्कूटरला जाता येईल तिथवर मी कामं घेऊ लागले.

फी किती घ्यायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. कॉलेजात पंपाचा वक्र काढायला शिकवतात, स्वतःचा भाव काढायला शिकवत नाहीत. मी माझ्या समजुतीने तीन भाव ठरवले. नात्यातला असेल तर पेट्रोलपुरतं. आमच्या गावचा किंवा ओळखीचा असेल तर अर्धं. बाकीच्यांना पूर्ण. हे तीन भाव मी कुठे लिहिले नव्हते. माणूस समोर आला, त्याने आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, की माझ्या मनात आकडा तयार व्हायचा. आपण किती चांगल्या आहोत, शिकूनही माणसं विसरलो नाही, असं मला वाटायचं.

इथे मला माझ्या वडिलांच्या टॉवेलाबद्दल सांगायला हवं.

बेल्ह्याच्या बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नसत. अजूनही काही जुने व्यापारी बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकतात आणि आत बोटं धरतात. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार, सगळा पंजा म्हणजे पाच. एक म्हणजे शंभर की हजार, हे बैलाकडे बघून कळतं. तोंडाने दोघंही वेगळंच बोलत असतात, पावण्यांची तब्येत, पाऊसपाणी. भोवतीच्या दहा माणसांना काही कळत नाही. माझे वडील शेती सांभाळून बाजारच्या दिवशी दोघांच्या मध्ये उभे राहायचे. सौदा जुळवून द्यायचा आणि दोन्हीकडून थोडं थोडं घ्यायचं, असा तो धंदा होता. मला मुलगी म्हणून बाजारात फार नेत नसत, पण घरी ओट्यावर बसून त्यांनी मला बोटं शिकवली. माझ्या हातावर टॉवेल टाकायचे, बोटं दाबायचे आणि विचारायचे, "सांग, किती?" मी बरोबर सांगितलं की आईला हाक मारायचे, "अगं, ही तर व्यापारी निघाली!"

एकदा हट्ट करून मी त्यांच्याबरोबर बाजारात गेले होते. डोंगराकडचा एक माणूस भाताच्या चिखलणीसाठी बैल घ्यायला आला होता. टॉवेलाखाली त्याचा हात गेला, वडिलांनी बोटं दाबली आणि तो लगेच मान हलवून हो म्हणाला. मला नवल वाटलं. घरी येताना विचारलं, "बाबा, त्यानं भाव केलाच नाही?"

"त्याला बोटं कुटं कळत्यात? त्यो नुसता हात आत घालतो. त्याचा भाव येगळा."

मी हसले होते. दहा-अकरा वर्षांची असेन. पुढे बरीच वर्षं मी ही गोष्ट मैत्रिणींना गंमत म्हणून सांगायचे.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मढच्या पुढच्या डोंगरातल्या एका वाडीतून फोन आला. बावीस घरांची वाडी. पावसाळ्यात भात, नाचणी, वरई. दिवाळीनंतर शेत कोरडं पडतं आणि अर्धी वाडी खाली उतरते, लोकांच्या कांद्यात, टोमॅटोत, द्राक्षात मजुरीला. मुलांची शाळा बुडते, म्हातारी माणसं वर एकटी राहतात. वाडीच्या खाली ओढ्यात एक डोह आहे, तो उन्हाळ्यातही आटत नाही. तिथून पाणी वर खाचरांपर्यंत चढवलं तर वाटाणा, हरभरा, थोडा भाजीपाला निघेल आणि खाली उतरावं लागणार नाही, एवढा साधा विचार होता. बायकांच्या बचत गटाने तीन वर्षं पैसे साठवले होते. पंप चुकला तर पुन्हा तीन वर्षं मजुरी, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

फोन गटाच्या अध्यक्ष बाईंनी केला होता. पन्नाशीच्या असतील. सही करता येते, वाचता थोडं येतं, पण माणूस चटकन वाचतात. त्यांच्याकडे बाजारपेठेतल्या एका पंपाच्या दुकानाचं कोटेशन आधीच होतं. दहा हॉर्सपॉवरचा पंप, जाड पाइप, मोठा स्टार्टर. वर लिहिलं होतं, सर्व्हे फुकट.

"मग मला कशाला फोन केला?" मी विचारलं.

"त्यो दुकानातला माणूस आला व्हता. पर गाडीवरनं उतारलाच न्हाई. गाडीवरनंच बोट केलं, दहाचा लागंल म्हनला. म्या म्हनलं, डोहाला तर ह्यानं पाय बी लावला न्हाई, ह्याला पानी किती ते कसं कळलं?"

मी म्हणाले, माझी फी सहा हजार. त्या म्हणाल्या, बरं. भाव केला नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

मी दोन दिवस तिथे काम केलं. एक डिझेल इंजिन मागून आणलं, तासभर डोह उपसला आणि खुणा केलेली काठी रोवून पाणी परत किती वेगाने भरतं ते बघितलं. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन ओढ्यापासून वरच्या खाचरापर्यंत टप्प्याटप्प्याने चढ मोजला. नळीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं अध्यक्ष बाईंच्या. त्या माझ्यापुढे अनवाणी चढायच्या आणि वरून ओरडायच्या, "ताई, पानी थांबलं बघा! लिवा!" मागून येणाऱ्या बायका हसायच्या, "लिवा लिवा, न्हाईतर म्हातारी परत खाली उतरायला लावंल."

हिशेब स्वच्छ निघाला. पाच हॉर्सपॉवरचा पंप पुरेसा होता. नुसता पुरेसा नाही, तेवढाच चालणार होता. दहाचा लावला असता तर त्याने दीड तासात डोह कोरडा केला असता, मग हवा ओढली असती, आणि कोरडी चाललेली मोटर जळते. दुकानदाराला हे कळत नव्हतं असं मी मानत नाही. मोटर जळली की माणूस दुसरी मोटर घ्यायला त्याच दुकानात येतो.

गटाने मला सांगितलं, तुमीच दुकानात जा आन् पाचाचं कोटेशन घ्या, आमाला ते गुंडाळत्यात. मी गेले.

दुकानदाराने मला खुर्ची दिली, चहा मागवला. बाकावर दोन-तीन गिऱ्हाइकं बसली होती. त्याने माझा कागद वाचला, घडी घातली आणि हसून म्हणाला, "मॅडम, शिक्षण झालंय तुमचं, पण धंदा शिकायचाय अजून."

"म्हणजे?"

"दहाचाच राहू द्या ना. मोठा पंप कधी वाईट असतो का? आणि ती माणसं साधी आहेत हो. म्हणाल तेवढे देतात." मग त्याने टेबलावरचं कॅल्क्युलेटर जवळ ओढलं, काहीतरी दाबलं आणि त्याचं तोंड माझ्याकडे फिरवलं. बाकावरच्यांना दिसू नये म्हणून वर तळहात आडवा धरला. तोंडाने म्हणाला, "घोडेगावला पाऊस बरा झाला ना यंदा?"

कॅल्क्युलेटरवर अठरा हजार दिसत होते.

मला ते बघताक्षणी कळलं. त्या तळहाताखालचं मला लहानपणापासून वाचता येत होतं. माझी कानशिलं तापली. मी मोठ्याने म्हणाले, "अठरा हजार? हे कसले अठरा हजार?"

"अहो, हळू!"

"नाही, कसले ते सांगा ना. पंपाचे का पाइपाचे?"

बाकावरचा एकजण पुढे वाकला. "घ्या की ताई! आन् कुटं मिळत्यात ते आमाला बी सांगा." दुसरा म्हणाला, "राव, आपल्या बिलात बी आसंल की ह्ये. इचार की त्याला."

दुकानदाराचा चेहरा उतरला. तो म्हणाला, सगळेच घेतात, तुम्ही एकट्याच वेगळ्या आहात का? यात तो खोटं बोलत नव्हता. माझ्या धंद्यातले बरेचजण शेतकऱ्याकडून एक रुपयाही घेत नाहीत. सर्व्हे फुकट, सल्ला फुकट, वरून चहा तेच पाजतात. त्यांची फी दुकानदार देतो आणि दुकानदाराची शेतकरी. त्यामुळे पंप जेवढा मोठा, पाइप जेवढा जाड, तेवढा सल्ला चांगला. ज्याला आपण सल्ला देतो त्याच्याकडून पैसे न घेता ज्याच्या विरुद्ध सल्ला द्यायला हवा त्याच्याकडून घ्यायचे, आणि याला समाजसेवा म्हणायचं! डॉक्टरने असं केलं तर आपण बोंबलतो. इंजिनियरने केलं तर म्हणतो, हुशार आहे, पोट भरतंय.

मी चहा न पिता उठले.

दुसऱ्या आठवड्यात वाडीवर गेले तेव्हा मी नुसती पेटलेली होते. समाजमंदिराच्या ओट्यावर सगळे जमले. मी सगळं सांगितलं, कॅल्क्युलेटर, तळहात, अठरा हजार. दहाचा पंप का चालणार नाही ते काठीने जमिनीवर काढून दाखवलं. शेवटी म्हणाले, "तुम्ही भाव करत नाही म्हणून ही माणसं तुम्हाला लुटतात. ज्याला बोलता येतं त्याला एक भाव आणि गप्प बसणाऱ्याला दुसरा, हा कुठला न्याय?"

मला वाटलं, आता कुणीतरी शाबास म्हणेल. पण बायका अध्यक्ष बाईंकडे बघत होत्या. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"ताई, येक इचारू का? राग नका धरू."

"विचारा की."

"म्या गेल्या म्हयन्यात कांदा काढणीला गेल्ते, खाली, ओतूरच्या अंगाला. जिथं गेल्ते ते तुमचं मामा हायेत म्हनं."

मी म्हणाले, हो, असतील.

"तुमची मामी लई कवतिक करत व्हती तुमचं. म्हनली, आमच्या भाचीनं हिरीवर येऊन समदं मोजून दिलं, पंप बी शिलेक्ट करून दिला. फकस्त हजार रुपयं घेतलं." त्यांनी पदराचं टोक सोडलं. "आमच्याकडनं सहा घेतलं. काम तर त्येच ना, ताई? का आमचा डोंगर ज्यास्त व्हता?"

एक म्हातारे गृहस्थ माझ्या मदतीला धावले. "अगं, डोंगर चढायचा त्येचं नगं का पैसं?"

"नळीचं येक टोक घिऊन मीच चढले की वो." सगळे हसले. मीही हसण्याचा प्रयत्न केला. मग त्या पुन्हा माझ्याकडे वळल्या. त्यांना उत्तर हवं होतं.

मी म्हणाले, "ते नात्यातलं आहे. मामाने मला शिकवलं."

"मग मामाचं उपकार तुमी फेडा की. आमच्याकडनं का फेडून घेता?"

हे वाक्य त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. खरंच विचारत होत्या. दुकानदाराच्या अठरा हजारांना मी भर दुकानात मोठ्याने नाव दिलं होतं. माझे सहा हजार मात्र मी फोनवर सांगितले होते, फक्त अध्यक्ष बाईंना, आणि मामाचे हजार त्यांना कधी कळणार नाहीत या भरवशावर. टॉवेल माझ्याही हातावर होताच. माझी कृतज्ञता मी फार जपायचे. तिचा खर्च अनोळखी माणसं उचलत होती, आणि अनोळखी म्हणजे कोण, तर ज्यांचं कुणी इंजिनियर झालेलं नाही, ज्यांना भाव करता येत नाही.

मी म्हणाले, चुकलं. फरकाचे पैसे परत करते. गरीब वाडी आहे, तुमच्याकडूनही मी हजारच घेईन.

हे ऐकून अध्यक्ष बाई जास्तच चिडल्या. "हजार नगं. गरीब म्हनून कमी घ्याल, तर उद्या पंप बिघाडला तवा आमाला बोलता येईल का तुमाला? गप बसावं लागंल. तुमची खरी काय हाय ती घ्या. पर समद्यांची येकच."

परतीच्या वाटेवर मी घोडेगावला न जाता आमच्या घरी गेले. वडील गोठ्यात होते. मी त्यांना थेट विचारलं, बेल्ह्याच्या बाजारातला तो डोंगरातला माणूस आठवतो का. त्यांना आठवत नव्हता. असे पुष्कळ असायचे, म्हणाले.

"बाबा, त्याला जास्त भाव का लावायचा?"

"त्यो हो म्हनायचा म्हनून."

"त्याला बोटं कळत नव्हती, तुम्हाला ठाऊक होतं."

"मग काय करायचं व्हतं? भर बाजारात त्याला बोटं शिकवत बसायची?"

"हो."

वडील हसले. "मग आपल्याला काय उरलं आसतं गं?" आणि मग म्हशीच्या पुढ्यात चारा टाकता टाकता, "तुझ्या पुस्तकांना त्यातलंच गेलंय."

मला वडिलांवर राग धरता येत नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, त्या डोंगरातल्या माणसाच्या वतीने राग धरायला कुणीच नव्हतं. तो बैल घेऊन तीस-चाळीस किलोमीटर चालत गेला असेल, खूश असेल. आणि मी त्याच्या जास्तीच्या पैशांवर शिकून, त्याच्याच भागात जाऊन, पुन्हा त्याच्याकडून जास्त घेतले.

मग मी माझी खरी फी काढली. दोन दिवस कामाचे, एक दिवस कागदाचा, पेट्रोल, खोलीचं भाडं, उपकरणं, आणि पोटाला. चार हजार निघाले. सहा हजारांत मामाचे, काकांचे आणि मुख्याध्यापकांच्या कॅल्क्युलेटरचे पैसे मिसळलेले होते. मी एक पांढरा फलक रंगवून घेतला आणि झेरॉक्सच्या दुकानाच्या जिन्यापाशी टांगला. एका विहिरीचा किंवा ओढ्याचा सर्व्हे आणि लेखी अहवाल, चार हजार. दुकानदाराकडून काही घेत नाही. नात्याला, ओळखीला, गरिबाला, श्रीमंताला एकच.

पंचायत समितीत दाखल्यासाठी आलेली माणसं झेरॉक्स निघेपर्यंत तो फलक वाचत बसायची. एकाने खाली दुकानात विचारलं, "ही बाई शेवटचं कितीला करती?" दुकानवाला म्हणाला, "तेच शेवटचं." तो म्हणाला, "मग धंदा व्हायचा न्हाई हिचा." पहिले चार महिने त्याचं म्हणणं खरं ठरेल असं वाटत होतं. ओळखीचे लोक वर न येता खालूनच जायचे. एका चुलत चुलत्याने गावात सांगितलं, पोरगी शिकून माणूसघाणी झाली. फलक मोडून शेकोटी करावी, असं मला दोनदा तरी वाटलं असेल.

वाडीला दोन हजार परत दिले तेव्हा अध्यक्ष बाईंनी आभार मानले नाहीत. घेतले आणि म्हणाल्या, "आता बोला. पंप कुटनं घ्यायचा?" तीन दुकानांतून बंद पाकिटात भाव मागवले आणि समाजमंदिराच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर, उघडून मोठ्याने वाचले. पाचाचा पंप पावसाळा संपल्यावर बसला. वरच्या खाचरात पाइपाच्या तोंडातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. बायका हातात धरून पाणी बघत होत्या. अध्यक्ष बाई डोहाजवळ काठी घेऊन बसल्या होत्या, पाणी खुणेच्या खाली जातंय का ते बघायला. गेलं नाही.

त्याच सुमारास मामाने नवीन बोअर घेतलं आणि नेहमीसारखा फोन केला. मी त्याला चार हजारांचा कागद पाठवला. अर्ध्या तासात त्याचा फोन आला. त्याला वाटत होतं माझी काहीतरी चूक झाली.

"चूक नाही मामा. सगळ्यांना तेवढंच आहे."

"सगळ्यांना म्हंजी? ती डोंगरातली बाई, कांदा काढायला येती, ती परवा तुझ्या मामीला सांगत व्हती चार हजार म्हनून. तिला चार आन् मला बी चार?"

"हो."

"पोरी, पैशाचं न्हाई गं. पैसं मी दहा देईन. पर माझ्या रानात रोजानं येती ती बाई. तिचा आन् माझा येकच भाव?"

इतके दिवस मला वाटत होतं मामाला पैशाचं वाईट वाटेल. त्याला पैशाचं काहीच नव्हतं. मी सहा हजार म्हणाले असते आणि त्या बाईला आठ, तर तो आनंदाने देऊन मोकळा झाला असता. माझ्या ओठांवर बरंच काही आलं. मेसचं बिलही आलं. मी एवढंच म्हणाले, "मामा, बोअरला काय ठाऊक कुणाच्या रानात आहे ते? काम तेवढंच पडतं."

काम झाल्यावर त्याने फोनवरून पैसे पाठवले. चार हजार एक. लग्नात आहेर करतात तसा वर एक रुपया. फी दिली नाही, भाचीला दिलं, असं त्याला म्हणायचं होतं. मी तो एक रुपया परत पाठवला आणि चार हजारांची पावती पाठवली. महिनाभर त्याचा फोन आला नाही. आईने मला ऐकवलं, एका रुपयासाठी माझा भाऊ तोडलास. मी म्हणाले, एका रुपयासाठी नाही, आणि तोडला नाही. पण त्या महिन्यात जेवताना मला बऱ्याचदा ती मेस आठवायची, हे खोटं कशाला सांगू.

दिवाळी झाली. कांद्याची लावणी सुरू झाली आणि एका सकाळी मामाचा फोन आला. रुपयाचा विषयच नाही.

"अगं, लावणीला माणूस मिळंना. रोपं पिवळी पडायला लागली. दरसाल त्या वाडीच्या पंधरा-वीस बाया यायच्या, औंदा तीनच आल्या. म्हनत्यात आमचा वाटाना हाय, आमाला येळ न्हाई. तुझ्या पंपानं माझी माणसं नेली बघ!"

मला हसू आलं आणि फार आनंद झाला. बावीस घरांची वाडी वर राहिली होती.

"मग मी काय करू मामा?"

"तुझं ऐकत्यात त्या. तू सांग त्यांना. वाटाना काय, दोन दिस इकडं तिकडं. बाकीचे देत्यात त्यापेक्षा बगू की आपण वर."

"किती रोज देणार?"

मामाचा आवाज खाली आला. त्याच्या मागे कुणीतरी असावं, रानात आलेल्या त्या तीन बाया असतील. "तू घरी ये की येकदा. बोलू बसून. फोनवर कशाला?"

"फोनवरच सांगा मामा."

"अगं, हितं हायेत त्या."

"मग तर बरंच झालं," मी म्हणाले. "मोठ्यानं सांगा. मलाही ऐकू येईल आणि त्यांनाही."